दाढीच्या वेळची चाल

गुरुवारी सकाळी मी बायकोची वही चोरून वाचली. वय वर्षे चौऱ्याहत्तर... आणि ती भाजीला खाली उतरली का, हे कोथरूडच्या आमच्या बाल्कनीतून वाकून बघून!

कारण सांगतो. आमची नात ईरा कॅनडात कॉलेजला आहे. मराठी छान बोलते, पण वाचता येत नाही. तिला काही लिहायचं तर इंग्रजीतून, मेलवर.

म्हणून सुमनने, म्हणजे आमच्या सौ.नी, सोसायटीच्या हॉलमधला ज्येष्ठांचा इंग्रजी लेखनाचा क्लास लावला. ईडियम्स, फ्रेझल व्हर्ब्ज... रोज पाच. फ्रीजवर चिठ्ठ्या, कुकरपाशी वही उघडून पाठांतर. "आता या वयात?" मी म्हटलं. "वय फॉर्मवर लिहून दिलंय," एवढंच म्हणाली.

मग ईराची उत्तरं येऊ लागली. आजीला दोन-दोन पानं... रूममेटशी झालेलं भांडण, करपलेली खिचडी, आवडणाऱ्या मुलाचं नावसुद्धा! मला काय? व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा. फारच माया दाटून आली तर एक हृदय.

खरं सांगतो, जळलो मी. कसब्यातल्या शाळेत कवितापाठांतराची ढाल मिळवलेला मुलगा मी. अजूनही डोळे मिटले की तो वर्ग दिसतो, खडूचा वास येतो आणि चाळीस पोरं एका सुरात म्हणू लागतात... आमच्या संसारात व्यवहार तिचा आणि शब्द माझे, अशी वाटणीच होती. आता ही बाई माझ्या हद्दीत शिरली होती.

मग मीही गुपचूप शिकायला लागलो. कानात इअरफोन, मोबाईलवर इंग्रजीचे व्हिडिओ. कोणी विचारलंच तर, "नाट्यगीतं ऐकतोय."

तीन आठवड्यांनी ईराला मेल पाठवली. ओळी बारा, ईडियम्स चौदा! शाळेत निबंधात म्हणी कोंबायचो, तशाच कोंबल्या. तेव्हा गुरुजी 'भाषा अलंकारिक' असा शेरा द्यायचे. तशाच काहीतरी आशेने मी फोन घेऊन बसलो...

दुसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला. "आजोबा, हे एआयकडून लिहून घेतलंस ना? मस्त आहे... पण यात तू कुठेच नाहीयेस. आजीच्या मेलमध्ये कशी आजी असते."

कशी आजी असते! दिवसभर ते वाक्य घशात अडकलेल्या गोळीसारखं राहिलं. म्हणून गुरुवारची ती चोरी. हिच्या वहीत असं काय आहे, ते एकदा बघायचंच होतं.

वहीत गाणी होती. इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ, ओळीत बसवलेला. 'गिव्ह अप म्हणजे नाद सोडावा, गिव्ह इन म्हणजे हट्ट सोडावा...' आणि वर, समासात, बारीक अक्षरात : 'चाल – ह्यांची, दाढीच्या वेळची.'

मी गुणगुणून पाहिलं. चपखल बसली. आठवीतली कविता आहे ती, दाढी करताना रोज म्हणतो मी. इतकी वर्षं वाटत होतं, बेसिनच्या नळाशिवाय कोणी ऐकत नाही...

पान उलटलं. 'चाल – ह्यांची, कुंड्यांना पाणी घालतानाची. (दुसरं कडवं विसरतात.)' पुढचं पान... 'चाल – ह्यांची, रुसल्यावरची.' त्यालाही चाल असते, हे मला ठाऊक नव्हतं. वही संपेपर्यंत 'ह्यांची', 'ह्यांची'. अक्षरं जरा धूसर दिसायला लागली, चष्मा पुसला.

"अहो, चोरी करायची तर दाराची कडी तरी लावावी." मागे सुमन, हातात मेथीची जुडी.

काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, "तिसऱ्या ओळीला सूर खाली यायला हवा. तू वरच ठेवलायस."

"मग म्हणून दाखवा."

म्हणून दाखवलं. तिचं 'गिव्ह अप'ही म्हटलं आणि मूळ कविताही, आधी वर्गाची नि ढालीची गोष्ट सांगून, अगदी दोन्ही हात मागे बांधून, वर्गात उभा राहायचो तसा. तिने फोन समोर धरलाय, हे शेवटच्या कडव्याला कळलं. विचारायच्या आत तिने ते ईराला पाठवूनही दिलं.

ईराचं उत्तर आलं, भलंमोठं. वर्गाबद्दल विचारलंय, ढालीबद्दल विचारलंय... 'हा माझा आजोबा', असंही लिहिलंय. मेल मात्र आजीच्या पत्त्यावर!

तर... जळणं काही पूर्ण गेलेलं नाही. उत्तर मीही लिहिलं, साध्या इंग्रजीत, एकही ईडियम न घालता. सुमनला दोन पानं येतात, मला एक आलं. पण हल्ली दाढीला मी थोडा जास्त वेळ घेतो. आणि बाथरूमचं दार उघडंच ठेवतो.