बघण्यापुरती सुई

“पांढरं म्हणजे साफ! काहून कळंना तुला?” फुलसिंगनं एमआरआयची फिल्म दाराच्या उजेडात धरली. “समदं लिव्हर काळं, अन् हे एवढंच पांढरं. सुईनं इथून धुवायला घेतलंय. हळूहळू समदं पांढरं होईल.”

“उलटं सांगू नका,” शालूबाई चुलीपासून उठलीच. “काळं ते चांगलं. पांढरी ती गाठ. बारीक हाय तवर काढा म्हणलेत.”

हैदराबादहून आल्यापासून हेच चाललं होतं. तपासणीच्या वेळी फुलसिंगच्या शिरेत तांबूस काळं औषध सोडलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं शालूबाईला बजावलं होतं, “अम्मा, ये इलाज नहीं, सिर्फ देखने के वास्ते है.” त्यात लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण होते. चांगलं लिव्हर ते ओढून घेतं आणि फिल्मवर काळं दिसतं. गाठ घेत नाही, म्हणून पांढरी उरते. शालूबाईला लगेच उमगलं. लुगडं रंगवताना तेलाच्या डागावर रंग चढत नाही, तसंच.

पण फुलसिंगच्या लेखी सुई म्हणजे इलाज. गोळ्या तो कोंबड्यांपुढं टाकायचा. शालूबाई नवी नवरी असताना तिला उलट्या झाल्या, तर सायकलवर बसवून जवळच्या गोरेगावला नेलं आणि सुई टोचून आणली. सासूनं कपाळावर हात मारला. सुनेला दिवस गेले होते! दाढ सुजली तेव्हाही सुई घेऊन तो ऊसतोडीला गेला आणि गाल फुगवून परत आला. त्याच्या सुयांनी घातलेला घोळ निस्तरण्यातच शालूबाईचा संसार गेला. आता तो तांडाभर सांगत फिरत होता, अंगात लोखंड भरलंय, मला काय होतंय!

“तोंडाला चव आली का न्हाई माझ्या?”

“यायचीच. दवाखान्यात दारू मिळाली न्हाई ना!”

थोरला मुलगा रणजीत उंबऱ्यावर बसला होता. तो आईला म्हणाला, “बापूला बरं वाटून राहिलं तर राहू दे ना, याडी. काहून पोट फाडायचं?”

शालूबाईनं नवऱ्याच्या हातातली फिल्म ओढून घेतली, पाकिटात सरकवली, पिशवीत ठेवली.

“सोमवारी हैदराबाद,” ती म्हणाली. “शेरडं रणजीत बघंल, चूल सूनबाई बघंल. अन् ज्याला सुईच पायजे, त्याला तिथं भुलीची देतात.”