गमछ्याखालचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पास्टरना नाही. प्रार्थनेत देवापुढेही या जागी आलो की आवाज खाली जातो आणि मी पुढच्या विषयावर उडी मारतो. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

मी बुऱ्हाणपूरचा बैलांचा दलाल. दुसऱ्यांची जनावरं हाकत बाजारात आलो, आज माझ्या शब्दावर जोड्या विकल्या जातात. तोंडाने फटकळ, डोक्याने तापट, पण सौद्यात पक्का. आमच्यात भाव बोलत नाहीत. हातांवर गमछा टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची. दाबली तर सौदा झाला. हात ओढून घेतला तर मोडला. वरून बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसतं.

ही बोटं मला दादाने शिकवली. धूलकोटच्या बाजारात, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा. पुढे त्याने दापोऱ्याला केळी लावली, मी बाजारातच राहिलो. आणि मग मी येशूला मानलं.

आईच्या तेराव्याला याच दादाने माझं पान पंगतीत वाढू दिलं नाही. ओट्यावर, वेगळं. चार गावांचे लोक बघत होते. मी पानाला पाय लावला आणि निघून आलो. आजही लिहिताना कानशिलं तापतात — मग क्षमेवर एवढी प्रवचनं ऐकली, ती गेली कुठे?

पास्टर म्हणायचे, आपण फक्त सांगायचं, मन फिरवणारा तो. मी हसायचो. ‘पास्टर, माल काय आपोआप खपतो?’ मी लोकांना प्रभूबद्दल सांगायचो ते बैल विकावा तसं. समोरच्याची नड हेरायची, आपली खोड झाकायची, आणि तो विचार करायला लागायच्या आत हात दाबायचा. प्रार्थना? ती सौदा झाल्यावर, आभाराची.

मग दादाला लकवा झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. मी दापोऱ्याला गेलो. दुःख होतं — पण खरं सांगू? आत कुठेतरी वाटत होतं, आता तो माझं ऐकेल. जाणार कुठे?

वहिनी उशाशी बसली होती. मी दादाच्या डाव्या हातावर गमछा टाकला, खाली त्याची बोटं धरली. त्याने ओळखलं, डोळ्यांत जुना बाजार चमकला. मी कानाशी वाकलो आणि म्हणालो, “दादा, प्रभूला हो म्हण. मी तेरावं विसरतो.”

बघा, काय विकायला बसलो होतो मी! जी क्षमा मला फुकट मिळाली होती, तिचा भाव लावला. तोही अंथरुणावरच्या भावाला.

वहिनीने विचारलं, “काय म्हनले हो, भाऊजी?”

गमछ्याखालून मी कधी हरून उठलो नव्हतो. म्हणालो, “हो म्हणाला.”

रविवारी मंडळीत उभं राहून हीच साक्ष दिली. लोक रडले. मीही रडलो — तेही खरंच वाटत होतं.

पुढच्या खेपेला वहिनी दारातच उभी. “ते हो म्हनले तर मी मागं कशी राहू? मला बी शिकवा. काय म्हनायचं असतं?” आणि मला, एवढ्या बोलक्या माणसाला, एक शब्द सुचेना. मग ती स्वतःच आत दादाच्या उशाशी जाऊन डोळे मिटून बसली. “देवा, यांना बोलता येत नाही. मला येतं, पन काय बोलावं कळत नाही. तूच बघ.”

एवढंच. माझ्या अंगावर काटा आला. खोली तीच होती, औषधांचा वास तोच. पण कुणीतरी आत आलं होतं, आणि ते मी आणलेलं नव्हतं. माझ्या खोट्याच्या वाटेनेसुद्धा तो येतो? मग आजवर मी कुणाच्या जोरावर बोलत होतो?

त्यानंतर दादाचा केळीचा बाग दोनदा निसवला, दोनदा घड लागले. वहिनी रोज तशीच बसते. तिची सूनही बसायला लागली आहे. मी तिथे गेलो की गप्प असतो. ती म्हणते, भाऊजी फार शांत झाले.

परवा प्रार्थना चालू असताना दादाचा डावा हात गोधडीबाहेर आला आणि माझ्या हातावर येऊन पडला. उघडा, वर कापड नाही. त्याने दाबला नाही, ओढूनही घेतला नाही. नुसता ठेवला. इतकी वर्षं बोटं वाचणारा मी, मला तो हात वाचता आला नाही. भीती वाटली — देवळाच्या आत एकटं उभं राहिल्यावर वाटते तशी.

वहिनीने डोळे उघडले. “बघा,” ती हसली, “परत हो म्हनताहेत.”

त्या दिवशी गमछ्याखाली दादाने हात ओढून घेतला होता. मी तेव्हा सांगितलं नाही. परवाही सांगितलं नाही.