घोटभर तेल

गाडी समोर येऊन उभी राहिली तरी तो आधी बॉनेट उघडत नसे. मालकाला खाली उतरवायचा, स्वतः आत बसायचा, एसी चालू करून जाळीसमोर उलटा तळहात धरायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. चांगली पाच-पाच मिनिटं. एखादा मालक चुळबुळ करायला लागला की डोळे न उघडताच विचारायचा, "घाई तुमाला हाय का गाडीला?"

वारंगा फाट्यावर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा, दुसरं काही नाही. बाळापूरकडच्या तांड्यावरचा माणूस, नांदेडच्या एका गॅरेजात दहा वर्षं हात काळे करून आलेला. बोलणं मोजकं. एकदा हिंगोलीचे एक वकील आले आणि महिन्यापूर्वीच फिल्टर साफ केलाय म्हणून शपथेवर सांगायला लागले. यानं फिल्टर काढला, तर आत सोयाबीनच्या भुशात उंदराचं अख्खं बिऱ्हाड. तो हसला नाही. फिल्टर अलगद वकिलांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "सांभाळून धरा साहेब, लेकरं हायत." आम्ही फाट्यावरचे लोक त्यावर आठवडाभर हसत होतो.

त्याची एक खोड होती. कोणत्याही गाडीत गॅस भरला की जाताजाता आपल्या डब्यातलं घोटभर तेल कॉम्प्रेसरसाठी सोडायचा. कोणी सांगायचं नाही, तोही कोणाकडून त्याचं काही घ्यायचा नाही. "गॅस गळला का तेल बी थोडं जातंच. घसा कोरडा पडू नये त्याचा," म्हणायचा. दारात आलेल्याला चहा विचारावा, तितक्या सहज.

मी ड्रायव्हर माणूस. जन्म डिझेलच्या धुरात गेला आणि पन्नाशीला इलेक्ट्रिक गाडी घेतली. डायलिसिसच्या पेशंटना नांदेडला नेऊन आणतो. त्यात एक मावशी होती. हळदीच्या गोदामात हळद निवडून तिची बोटं कायमची पिवळी झालेली. आठवड्यातून दोनदा जायची. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडच्या मे महिन्यात ते म्हणजे जिवंतपणी नरक. मावशी गाडीत बसली की जाळीसमोर तोंड नेऊन म्हणायची, "बाबा, हे वारंच पिऊन राहिले मी."

आणि नेमक्या त्या मे महिन्यात माझा एसी गरम हवा फेकायला लागला. नांदेडच्या वर्कशॉपनं आठ दिवसांनंतरची तारीख दिली. मी गाडी थेट याच्या दारात लावली.

त्यानं आत बसून हात धरला, खाली वाकून वायरी पाहिल्या आणि बाहेर आला. "दादा, ही आपली गाडी न्हाई. याचा कॉम्प्रेसर इंजनावर चालत न्हाई, मोठ्या बॅटरीवर चालतो. मला याचं शिक्षण न्हाई. तुमी नांदेडलाच जा."

"तोवर मावशीला काय उन्हात भाजू?"

"मला येत न्हाई ते येत न्हाई."

मी ऐकलं नाही. वीस वर्षं धंदा करून एक वायर पाहून घाबरतोस का, असं चारचौघांत म्हणालो. शेजारचा पंक्चरवाला हसला. याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "बरं. उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी जाड रबरी हातमोजे विकत आणून बसला होता. रात्रभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले होते म्हणे. बॅटरीचा जोड सोडवला, वीज उतरायला वेळ दिला, मगच हात घातला. विजेच्या बाबतीत एक चूक केली नाही. पाइपच्या जोडातली रबरी रिंग फाटली होती. ती बदलली, गॅस भरला. आणि वीस वर्षांच्या सवयीनं, आपल्या डब्यातलं घोटभर तेल सोडलं.

हवा अशी गार यायला लागली की मी त्याच्या पाठीत थाप मारली.

तिसऱ्या दिवशी मावशीला घेऊन निघालो. अर्धापूरच्या अलीकडे तिला मळमळायला लागलं, म्हणून गाडी कडेला घेऊन बंद केली. पुन्हा चालू होईना. समोर लाल दिवा, बाकी गाडी दगड. काच खाली केली तरी आत भट्टीच. मावशीला उचलून बाभळीखाली नेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत राहिलो, अँब्युलन्सला फोन केला. ती यायला सव्वा तास गेला. तेवढ्या वेळात मावशीनं माझ्याकडे तीनदा पाणी मागितलं आणि मी तीनदा तिचे फक्त ओठ ओले केले. डायलिसिस झालं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं.

वर्कशॉपच्या माणसानं गाडी खोलून मला समजावलं. या कॉम्प्रेसरची मोटर तेलातच बुडालेली असते, त्यामुळे वीज अंगावर न घेणारं तेलच तिला चालतं. साध्या गाडीचं तेल थोडं जरी मिसळलं तरी वीज बाहेर झिरपते आणि गाडी स्वतःला बंद करून घेते. मी फाट्यावर येऊन त्याला हे सगळं सांगितलं. तो डब्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, "जाऊ दे. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? कोणाला काय कळणार आहे?"

दहाव्याच्या दिवशी तो मावशीच्या घरी निघाला. मी सोबत गेलो. खरं सांगतो, आधार द्यायला नाही, तो काय बोलतो ते ऐकायला गेलो.

मावशीचा मुलगा डोकं भादरून ओट्यावर बसला होता. आम्हाला पाणी दिलं. हा बसलाच नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं, तेलासकट.

मुलगा म्हणाला, "आता हे काहून सांगून राहिले? माय परत येणार हाय का?"

"न्हाई. पण तुमी म्हणत असताल, मायची येळ भरली होती. येळ भरली नव्हती. माझ्या हातानं झालं."

"येत नव्हतं तर कशाला केलं? कोणी बळजबरी केली होती का?"

मी ओट्यावरच होतो, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई," तो म्हणाला, "मीच म्हणलो करतो म्हणून."

मी पाणी प्यायलो.

महिनाभरात त्यानं दुकान मोडलं. कोणी म्हणतं पुण्याकडे वॉचमन आहे, कोणी म्हणतं साखर कारखान्यावर. मला फोन करता आला असता, नंबर अजून आहे. केला नाही. गाडीत नवा कॉम्प्रेसर बसला, माझ्या फेऱ्या चालू आहेत.

मावशीचा मुलगा अधूनमधून रस्त्यात भेटतो. गाडी थांबवायला लावतो, खिडकीशी येऊन हात जोडतो. "दादा, तुमी मायसाठी लई केलं," म्हणतो. मी मान हलवतो आणि गाडी पुढे काढतो.