दाखल्यावरचं वय

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत शेजारचे भाऊसाहेब रोज सकाळी माझ्यासोबत धावायचे. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजायचं आणि वयाप्रमाणे किती ठोके झेपतील, ती हद्द दाखवायचं. हद्द जवळ आली, की ते बोलणं अर्धवट सोडून “चलो, ब्रेक” म्हणत चालायला लागायचे.

घड्याळात वय भरताना त्यांनी शाळेच्या दाखल्यावरचं घातलं, खऱ्यापेक्षा सहा वर्षं कमी. “सरकारने नोकरीभर हेच वय चालवून घेतलं, घड्याळ काय बोलणार?” मीही हसलो होतो.

एका सकाळी ते धावतानाच कोसळले, ते उठलेच नाहीत. नंतर त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, विचारलं, “भाऊजी, हट्टाने जास्त पळाले का हो?” मी “हो” म्हणालो.

वहिनी, त्यांनी हद्द कधीच ओलांडली नाही. ती सहा वर्षांनी लहान माणसाची होती, आणि मला ते माहीत होतं.