डी ड्राइव्हमधली पडीक जागा

नवापूरच्या बाजारपेठेत हस्तीमल शेठच्या भांड्यांच्या दुकानाला लागून एक चिंचोळा गाळा आहे. तिथे इमॅन्युएल गावित कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मी शाळेतला निवृत्त क्लार्क. घरी बायकोच्या पायात पायात येण्यापेक्षा त्याच्या बाकावर बसलेलं बरं, म्हणून सहा वर्षं माझ्या दुपारी तिथेच जातात. त्याच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहायला हवं, कारण तो स्वतः तोंड उघडणारा माणूस नाही.

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध: फॉरमॅट. मशीन हळू चाललं, मार फॉरमॅट. जागा संपली, मार फॉरमॅट. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग; त्यात विंडोजचा सी ड्राइव्ह साफ पुसला जातो, म्हणून गिऱ्हाईकंही शहाणी झाली. जे जपायचं ते डीमध्ये ठेवायचं, सीचा भरवसा नाही, हे इथे आता सातवीतली पोरंही सांगतात. सगळ्यांच्या लग्नांचे फोटो आणि मेलेल्या माणसांचे व्हिडिओ डीमध्ये.

इमॅन्युएल फॉरमॅटचं नाव काढलं की चिडायचा. "पीक उभं असताना वावर नांगरतं का कोणी?" म्हणायचा. सी भरला असेल तर डीमधली थोडी जागा काढून सीला द्यायची, विंडोज आहे तसंच, प्रोग्राम आहेत तसेच. नुसता मधला बांध सरकवायचा. बांधावरून आमच्या तालुक्यात डोकी फुटलेली आहेत, आणि हा एकटा प्राणी दोन्हीकडच्या राजीखुशीने बांध सरकवतो, असं मी त्याला चिडवायचो. काम मात्र किचकट. सीला लागून डीची सुरुवात, म्हणून तिथला सगळा माल उचलून डीच्या मागच्या रिकाम्या जागेत न्यावा लागतो. इमॅन्युएल आधी डीमधल्या फाइलींची आपल्या डिस्कवर नक्कल करून घ्यायचा, मशीन इन्व्हर्टरला जोडायचा आणि मगच हात लावायचा. हस्तीमल शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "अरे इमॅन्युएल, फॉरमॅट मारी टाक नि मोकळा व्हय! एक मशीनले पूरा दिन लावी ऱ्हायना." हा नुसता हसायचा.

त्याचा दुसरा नियम त्याहून कडक होता. गिऱ्हाईकाचा एकही फोल्डर उघडायचा नाही, आत काय आहे ते विचारायचंही नाही. सुरतेला ज्या दुकानात तो काम शिकला, तिथली पोरं बायकांचे फोटो उघडून दात काढत बसायची. एक दिवस त्यांच्या हाती लागले ते नेमके त्याच्या गावातल्या मुलीचे फोटो. त्याच दिवशी त्याने ते दुकान सोडलं. "कपाट दुरुस्तीला आलंय, आतल्या साड्या मोजायला नाही," एवढंच तो म्हणायचा. मला या नियमाचं फार कौतुक होतं. चारचौघांत मी त्याच्या वतीने मिरवायचो सुद्धा.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी रिबेका आली. मीही त्या दिवशी लवकरच गेलो होतो. ही डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. तिचा नवरा रोशन चर्चमध्ये पेटी वाजवून गाणी म्हणायचा, त्यांच्या मावची बोलीत. त्याच्या दहा महिने आधी घाटात जीप उलटली आणि तो गेला. तिने जुना लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, सी भरलाय. जागा वाढवून द्या. भरपूर द्या."

एवढंच बोलली. बाकीचं आम्हाला संध्याकाळी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे नंतर हळहळत बसाल. महिन्याभराने रोशनच्या कबरीवर क्रूस बसवायचा होता. त्यांच्यात वर्षाच्या आत तो बसवतात, सगळं गाव प्रार्थनेला आणि जेवायला येतं. रोशनची आई मार्था, दोन्ही डोळ्यांनी अधू झालेली, तिने एकच मागणं घातलं होतं. त्या दिवशी स्पीकरवर रोशनचं गाणं लावा. आणि गाणी नव्हती. लॅपटॉप रोज जागा संपली म्हणून लाल पट्टी दाखवायचा, शाळेची माहिती भरायचं काम अडायचं. रिबेकाने वैतागून डीमधला सगळ्यात जड फोल्डर पुसला होता, कचरापेटीसकट; भरला होता सी, त्यामुळे पट्टी लालच राहिली. त्याचं नाव होतं 'न्यू फोल्डर'. आत त्याने रेकॉर्ड केलेली गाणी होती, पण नाव द्यायचा रोशनला कायम कंटाळा. फोनमध्ये दोनचार गाणी होती, तो फोन घाटातच गेला.

सासूला हे सांगायची तिची हिंमत झाली नव्हती, आणि परक्या माणसांसमोर बोलायची तर लाजच.

संध्याकाळी पाचला काम संपलं. लाल पट्टी निळी झाली. रिबेका आली, पडद्याकडे बघून खूप दिवसांनी हसली असावी, आणि मावचीत काहीतरी म्हणाली. मला ती बोली जेमतेम समजते, पण हे समजलं.

"आता ती येतील ना?"

"कोण?" इमॅन्युएलने विचारलं.

"रोशनची गाणी. मागच्या आठवड्यात माझ्या हातून पुसली गेली. पुसलेलं परत येतं, शाळेत सर म्हणाले."

इमॅन्युएलचा हात माउसवरच राहिला.

पुसलेलं खरंच परत येतं. पुसणं म्हणजे दारावरची पाटी काढणं, माल आतच पडून असतो, कोणी त्यावर दुसरं काही ठेवेपर्यंत. रिकामी दिसणारी ती जागा रिकामी नव्हती. आणि इमॅन्युएलने त्याच जागेवर दिवसभर डीचा माल आणून रचला होता. सकाळच्या नकलेचाही उपयोग नव्हता, कारण नक्कल होते ती दिसणाऱ्या फाइलींची.

मला राग आवरला नाही. "बाई, हे सकाळी आधी सांगायला काय झालं होतं?" मी खेकसलोच.

ती गोंधळली. "जागा नव्हती म्हणून तर ती गेली ना, काका? मग आधी जागा करायला नको? पाहुणे बोलवायचे तर आपण आधी अंगण सारवतो."

 चाळीस वर्षं शाळेत काढली मी. त्या बाईचं गणित मला चुकीचं म्हणवेना.

इमॅन्युएलने खोटं बोलून वेळ मारून नेली नाही. "ताई, ती जागा पडीक दिसत होती, पण त्यात बी होतं. मी न विचारता त्यावर नांगर फिरवला," तो म्हणाला.  तिने फक्त एवढंच सांगितलं, "मी पुसली ते आईला कळू देऊ नका."

पुढचे चार दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. फाइली शोधणारे सगळे प्रोग्राम चालवून पाहिले. हाती काय लागलं, तर सत्तेचाळीस फाइली, नुसत्या नावाच्या, आत खरखर. एकच तुकडा धड होता, अकरा सेकंदांचा. पेटीचा एक सूर, मग रोशन खोकतो, घसा साफ करतो, पुन्हा खोकतो. पुढे तुटलेलं. गाणं सुरू होण्याआधीच ते संपतं.

क्रूस बसवायच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. इमॅन्युएल मांडवाच्या शेवटच्या खांबाला धरून उभा होता. प्रार्थना झाली. रिबेकाने सासूला सांगून ठेवलं होतं की गाणी खराब झाली, थोडंच उरलंय. मग तो तुकडा लावला. पेटीचा सूर निघाला, आणि पुढच्या रांगेतल्या बायका सवयीने गाणं उचलायला सावरून बसल्या. रोशन खोकला. घसा साफ केला. पुन्हा खोकला.

आणि स्पीकर गप्प झाला.

मार्था खुर्चीवर वाकून ऐकत होती. थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग शेजारी हात चाचपत ती मावचीत म्हणाली, "त्याला पाणी द्या कोणीतरी."