परक्याची खुर्ची

चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईकडं किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. बाकी सगळे पाळकसाहेबांकडं तोंड करून बसतात आणि मी बसते सगळ्यांकडं तोंड करून. कोण पेंगतंय, कोण मांडीवर मोबाईल धरून बसलंय, कोण घाबरलंय, सगळं मला आधी दिसतं. आणि खरं सांगू का, आमची जुन्नरची मंडळी म्हणजे मूठभर घरं. त्यामुळं घाबरलेलीच जास्त दिसतात. मी स्वतः त्यात पहिल्या नंबरची. आठवडाभर बाजारात शिवणकाम करते, रविवारी पेटी वाजवते आणि उरलेल्या वेळात घाबरते.

*

आधी खुर्चीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझ्या लहानपणी आमच्याकडं एक म्हातारे पाळकसाहेब होते. एका नाताळात त्यांनी उपदेश केला. येशूबाळाच्या जिवावर राजा उठला, तेव्हा आईबाप त्याला पोटाशी धरून मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, पळाले. तिथं ना ओळख ना पाळख. पण कुणीतरी त्यांना म्हटलंच असेल ना, "या, बसा"? मग आपल्यातही एक जागा परक्यासाठी ठेवा, तो आला तर उभा राहायला नको.

झालं. पुढच्या रविवारी पेटीशेजारी वेताची, हातांची खुर्ची आली. ती परक्याची. दर शनिवारी पुसायची, नाताळात तिला हार घालायचा आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही. खुर्ची आम्ही जिवापाड जपली. परका मात्र कधी आला नाही, आणि आम्हीही त्याची फारशी वाट बघितली नाही.

*

खुर्चीचे राखणदार आमचे वसंतकाका. मंडळीचे पंच आणि एसटीचे रिटायर ड्रायव्हर. घोडेगावहून डोंगरातल्या गावांना आयुष्यभर गाडी नेली. घाटात हा माणूस कधी घाबरला नाही, पण गाडीतून खाली उतरला की कशालाही घाबरतो.

एकदा पुण्याहून कुणाचे तरी नवे व्याही आले. चर्च भरलेलं. बिचारे सरळ खुर्चीवर टेकले. वसंतकाकांनी कोपराला धरून उठवलं.

"पावणं, उठा. ती परक्याची हाय."

"अहो, मग मी कोण?"

"तुमी पावणं. परका आला तर कुटं बसंल?"

व्याही सगळी उपासना भिंतीला टेकून उभे. खुर्ची रिकामी. आणि त्या दिवशी उपदेश कशावर होता म्हणाल तर पाहुणचारावर! माझे हात पेटीवर नसते तर मी तोंड दाबून बाहेर पळाले असते.

*

येडगावला एका घरी प्रार्थना होती. चहूबाजूंनी ऊस, आणि त्याच आठवड्यात बिबट्यानं शेजारच्या वस्तीवरून कालवड नेलेली. दिवस कलायच्या आत सगळे घरात, दाराला कडी. गाणं सुरू केलं आणि दारावर धप्पकन काहीतरी आदळलं.

"बिबट्या!" कुणीतरी ओरडलं.

वसंतकाकांनी दाराला लोखंडी कॉट लावली, कॉटवर दोन माणसं बसवली. "मोठ्यानं गा," मला म्हणाले, "आवाजाला भितं ते." मग आम्ही असं गायलो की घसे बसले. बाहेर धपाधप चालूच. बिबट्या दार ठोठावत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दमून थांबलो तेव्हा बाहेरून आवाज आला, "अरे, मी आहे. उघडा!" आमचे आताचे पाळकसाहेब! वाटेत गाडी बंद पडली म्हणून उसाच्या कडेकडेनं चालत आलेले. शर्ट घामानं ओला, ओठ पांढरे.

"साहेब, हाक मारायची व्हती," वसंतकाका म्हणाले.

"मारत होतो. तुम्ही गात होता."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. खूप वेळ भांड्यातलं पाणी हातात धरून बसले होते.

*

मग ती मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा आली. सगळ्यांच्या मोबाईलवर तोच व्हिडिओ, कुठला ते कुणालाच माहीत नाही. गावोगाव पोरं काठ्या घेऊन फाट्यांवर बसलेली. अनोळखी दिसला की आधी मार, मग चौकशी.

अशा दिवसांत वसंतकाका धरून आमची तीन मागी लोकं जीपमधून नाताळच्या नाटकाला निघाली. मागी म्हणजे पूर्वेकडून तारा बघत आलेले ते ज्ञानी लोक. लांब झगे मी शिवलेले, दाढ्या डिंकानं चिकटवलेल्या. गाडीत बदलायला जागा नाही म्हणून घरूनच नटून निघाले. हा गाढवपणा आमचेच लोक करू जाणोत!

घोडेगावच्या अलीकडं फाट्यावर जीप अडवली. "कुठले रे तुम्ही?"

आता सरळ जुन्नरचे सांगावं की नाही? आमचा एक मागी घाबरून पाठ केलेलंच बोलला, "आम्ही पूर्वेकडून आलो आहोत."

बस. खाली ओढलं तिघांना. वसंतकाकांची दाढी ओढली, ती निघाली, तिच्याबरोबर गालाची कातडीही निघाली. कुणीतरी म्हणालं, "बघा, वेष बदलून आलेत." काठी वर गेली. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "आरं थांबा, ह्ये आपलं डायवरकाका न्हाई का? माझ्या लेकीला दवाखान्यात नेलं व्हतं यानी, गाडी वळवून!"

मग माफी, मग चहा. बाकीचे दोघे मागी आजही हा किस्सा हसून सांगतात. वसंतकाका सांगत नाहीत. मी गालाला हळद लावत होते तेव्हा एवढंच म्हणाले, "म्हातारी व्हती म्हणून. नसती तर?"

*

आणि मग एका रविवारी परका आला.

म्हणजे आली. शेफाली तिचं नाव, कडेला तान्ही पोर. नवरा-बायको एका गुऱ्हाळावर कामाला होते, बोलणं बंगाली. "हे सीमेपलीकडचे," असं कुणीतरी उठवलं. नवऱ्याला पोलिसांनी चौकशीला नेलं आणि गुऱ्हाळाच्या मालकानं हिला बाहेर काढलं. चर्चचं फाटक उघडं दिसलं म्हणून ती आत शिरली. बाकं भरलेली. रिकामी जागा एकच. ती जाऊन खुर्चीवर बसली.

पाळकसाहेब बोलता बोलता थांबले. वसंतकाका सवयीनं पुढं गेले, वाकून म्हणाले, "बाई, उठा, ती..." आणि तिथंच गप्प झाले. इतकी वर्षं खुर्ची पुसली, हार घातले, पण परका आलाच तर पुढं काय करायचं, ते कुणी ठरवलंच नव्हतं. पोर रडायला लागली. मला सांगायला लाज वाटत नाही, मी मनात म्हटलं, देवा, हिला दुसऱ्या कुठल्या चर्चात का नाही पाठवलंस.

उपासनेनंतर पंचांची मीटिंग. वसंतकाकांचा आवाज सगळ्यात मोठा. "आपण मूठभर मान्सं. उद्या म्हनतील, ह्येच आणतात भायेरच्यांना. काचा फोडतील. फाट्यावर काय झालं माझं, इसरलात?"

पाळकसाहेब म्हणाले, "मिसरात त्या आईला कुणीतरी विचारलंच असेल, तू कुठली, कशावरून? आणि कुणीतरी न विचारता घरात घेतलं असेल. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. आपल्याला तेवढंच व्हायचंय, बिननावाचं."

तेवढ्यात बाहेरून सुशीलाकाकूंचा, म्हणजे वसंतकाकांच्या बायकोचा आवाज आला. "अवो, चावी द्या घराची. पोर भुकेली हाय." पोर त्यांच्या खांद्यावर झोपलेली. मीटिंग तिथंच संपली.

मायलेकी घरात असताना तो आठवडा काकांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दिवसासुद्धा दाराला कडी. गल्लीत मोटरसायकल वाजली की पोरीच्या तोंडाशी बाटली धरायचे, रडू नये म्हणून.

*

पुढच्या रविवारी गाणं चालू असताना बाहेर गाड्या थांबल्या. माझं तोंड दाराकडं, त्यामुळं मलाच आधी दिसले. बाजारातलीच पोरं. एकाच्या शाळेची चड्डी मी शिवलेली. हातात काठ्या. माझी बोटं पेटीवर घसरली आणि गाणं मध्येच तुटलं.

पुढचा पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "तुमच्याकडं कोण परकी बाई आलीय म्हणं. बाहेर काढा तिला."

शेफाली तिसऱ्या बाकावर, सुशीलाकाकू आणि त्यांच्या सुनेच्या मधे. अंगावर काकूंची हिरवी साडी, डोक्यावर पदर. पोर काकूंच्या मांडीवर. सकाळी ती खुर्चीकडं निघाली होती. काकांनीच तिला दंडाला धरून त्या बाकावर बसवलं होतं, जरा रागानंच.

वसंतकाका उठले. चालत चालत पेटीपाशी आले आणि खुर्चीवर हात ठेवला.

"ही परक्याची खुर्ची," ते म्हणाले. "सगळ्या जुन्नरला ठावं हाय. आमच्यात परका आला की हितं बसतो. दुसरीकडं बसू देत न्हाई आमी कुणाला."

पोरानं खुर्चीकडं बघितलं. मग बाकांकडं, एकेक चेहरा बघत.

"रिकामी हाय," काका म्हणाले. "बघून घ्या."

तिसऱ्या बाकावरून त्याची नजर पुढं सरकली. मग काठी खाली घेतली आणि वळला. गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला, तो लांब गेला.

काकांना परत जागेवर जायचं होतं. एक पाऊल टाकलं आणि परत खुर्चीचा हात धरला. ते तिथंच खुर्चीवर बसले.

त्यांना कुणी उठा म्हणालं नाही.