पोपटाच्या खांद्यावरचा लाल डाग

मंडळी, आज सकाळी शेजारच्या कमलाभाभींनी नवा पोपट बघायला बोलावलं. "दीदी, असली पहाडी आहे. साधा नाही!"

मला लगेच शंका आली. शाळेत आमच्या सिस्टर दोन्ही पोपटांची चित्रं काढून घ्यायच्या. रोज दिसणाऱ्या पोपटाचा खांदा हिरवागार. जंगलातला पहाडी पोपट मोठा, जाड चोचीचा, आणि त्याच्या खांद्यावर लाल डाग. हाही मोठा वाटत होता, पण पिंजरा लहान असला की कोणीही मोठा वाटतो. आणि आमच्या कॅम्प तीन वस्तीतल्या कारखान्यांत जीन्सला हवा तो रंग चढवून मिळतो, मग पोपटाला का नाही?

"रंग लावलाय, भाभी. फसवलं तुम्हाला."

"तुम्हाला तर प्रत्येक गोष्टीत शक!" भाभी हसल्या.

मी रुमाल ओला करून पिंजऱ्यात हात घातला आणि तो डाग चोळला. रुमालावर लाल उमटलं. पण ते माझ्या बोटाचं रक्त होतं. पोपटाने कडकडून चावा घेतला होता. डाग जसाच्या तसा.

"बघा, असली!" म्हणत भाभींनी धावत हळद आणली.

असली, म्हणजे कुणीतरी झाडाच्या ढोलीतून काढून आणलेला. हाच काय, साधा पोपट पाळायलाही कायद्याने बंदी आहे, हे मी सांगितलं. "आता घरचाच झाला तो," त्या म्हणाल्या.

आमचा तीस वर्षांचा शेजार. हळद लावलेलं बोट ठणकतंय आणि समोर वन खात्याचा नंबर लिहून ठेवलाय. तुम्ही फोन केला असता का?